दादर टी. टी. : मुंबईची ट्राम आणि तिची नव्वद वर्षे

हिंगोलीहून जनशताब्दीने निघालेला प्रवासी दादरला उतरून पूर्वेकडे बाहेर पडला, की काही मिनिटांच्या अंतरावर एक मोठा चौक लागतो. कागदोपत्री त्याचे नाव खोदादाद सर्कल. प्रत्यक्षात मात्र टॅक्सीवाला, बसचा कंडक्टर, कोपऱ्यावरचा पानवाला, सगळे त्याला ‘दादर टी. टी.’ म्हणतात. या दोन ‘टी’चा अर्थ विचारला, तर बहुतेकांना सांगता येत नाही. तो आहे ‘ट्राम टर्मिनस’. तेथे शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री पोहोचली. त्यानंतर त्या चौकात एकही ट्राम आलेली नाही, आणि नाव मात्र गेलेले नाही.

हा दीर्घ धागा त्या ट्रामविषयी आहे. ९ मे १८७४ ते ३१ मार्च १९६४, म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षे. प्रथम घोडे, मग वीज, मग दुमजली डबे, आणि अखेरीस डांबराखाली गाडलेले रूळ. ‘ट्राम जुनी झाली, संथ होती, म्हणून गेली’ हे उत्तर नेहमी दिले जाते. ते अपुरे आहे. जुनी झालेली ट्राम नवी करता येते. जर्मनीतील अनेक शहरांनी तेच केले. मुंबईत हरली ती ट्राम ‘रस्ता कोणाचा’ या वादात. तो वाद तिच्या जन्माच्याही आधी सुरू झाला होता.

१८६० च्या दशकातील मुंबई. श्रीमंतांकडे स्वतःची घोडागाडी, मध्यम स्थितीतल्यांसाठी भाड्याचे शिग्राम किंवा बैलांचा रेकला, उरलेल्यांसाठी स्वतःचे पाय. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते. तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाल्यामुळे वऱ्हाड, खानदेश आणि गुजरातच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. मुंबईत पैसा इतका वाहू लागला की समुद्र भरून जमीन करणाऱ्या कंपन्यांच्या शेअरवर सट्टा लागे. या भरात, १८६५ साली, एका अमेरिकन कंपनीने मुंबईत घोड्यांच्या ट्रामसाठी परवाना मागितला आणि तो तिला मिळालाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला, जुलैमध्ये शेअर बाजार बुडाला, बँका बुडाल्या. ट्राम कागदावरच राहिली.

योगायोग असा, की १८६५ च्या जूनमध्येच बर्लिनमध्ये ब्रांडेनबुर्ग दरवाजापासून शार्लोटेनबुर्गपर्यंत पहिली घोड्यांची ट्राम सुरू झाली. दोन शहरांची ट्रामची इच्छा एकाच वर्षाची. फरक पडला तो कापसाच्या भावाने.

मुंबईत हा विषय पुन्हा निघाला १८७० नंतर. १८७३ साली बॉम्बे ट्रामवे कंपनी, नगरपालिका आणि स्टर्न्स अँड किट्रिज ही अमेरिकन पेढी यांच्यात करार झाला. कंपनीला २१ वर्षे घोड्यांची ट्राम चालवण्याचा हक्क मिळाला. त्यानंतर ट्राम विकत घेण्याचा हक्क पालिकेने आपल्याकडे राखला. १८७४ साली मुंबई इलाख्याने यासाठी स्वतंत्र कायदा केला. २१ वर्षांची ही अट लक्षात ठेवावी. ती वरवर कोरडी दिसते, पण पुढच्या साठ-सत्तर वर्षांतली बरीच गुंतागुंत तिच्यातून निघाली आहे.

९ मे १८७४. दोन मार्ग उघडले. एक कुलाबा ते पायधुणी, क्रॉफर्ड मार्केटवरून. दुसरा बोरीबंदर ते पायधुणी, काळबादेवीवरून. भाडे तीन आणे. तिकीट नाही, पैसे द्यावेत आणि बसावे. लोकांना वाहन आवडले, तेव्हा भाडे दोन आण्यांवर आले. फुकट्या प्रवाशांची संख्या वाढल्यामुळे त्याच वर्षी छापील तिकीटही आले.

तीन आणे म्हणजे किती, हे आज कळत नाही, म्हणून हिशेब मांडून पाहावा. रुपयाचे आणे सोळा. जाऊन-येऊन सहा आणे, महिन्याचे २६ दिवस: १५६ आणे, म्हणजे ९ रुपये १२ आणे. त्या काळात गिरणीतील सामान्य कामगाराची महिन्याची मिळकत दहा-बारा रुपयांच्या आसपास असे. दोन आणे झाल्यावरही महिन्याचा खर्च साडेसहा रुपये. तेव्हा ‘पहिल्याच दिवसापासून ट्राम गरिबांचे वाहन होते’ असे जे लिहिले जाते, ते खरे नव्हे. पहिली ट्राम कारकुनांची, दुकानदारांची, वकिलांची आणि बाजारात जाणाऱ्या सुखवस्तू कुटुंबांची होती. कामगार चालतच होता. ट्राम गरिबांची झाली ती पुढे. कशी, ते ओघाने येईल.

घोड्यांच्या ट्रामचे शास्त्र साधे आहे. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फिरते तेव्हा घर्षण फार कमी होते; खडबडीत रस्त्यावर जी गाडी घोड्याला जेमतेम ओढवते, तिच्या कितीतरी पट माणसे तो रुळावर ओढतो. पण घोडा यंत्र नाही. दिवसातून काही तासांपेक्षा जास्त तो ओढत नाही, उन्हाने थकतो, चढावर अडतो, आजारी पडतो, आणि काम असो वा नसो, दाणा-वैरण खातोच. त्यामुळे एका गाडीमागे दिवसभरात घोड्यांच्या अनेक जोड्या लागत. कुलाब्याला, आज जेथे बेस्टचे इलेक्ट्रिक हाऊस उभे आहे त्या परिसरात, कंपनीचे कार्यालय आणि सुमारे ९०० घोड्यांचा तबेला होता. नऊशे घोडे म्हणजे रोजची वैरणीची, पाण्याची आणि लिदीची केवढी मोठी व्यवस्था! मोटारीच्या धुराने त्रासलेल्या आजच्या माणसाला घोड्यांचा काळ रम्य वाटतो. त्या तबेल्याशेजारी राहणाऱ्यांना तो तसा वाटला असण्याची शक्यता कमी आहे.

येथे एक आडवाट घेण्याजोगी आहे. पेढीच्या नावातला किट्रिज म्हणजे जॉर्ज किट्रिज, मुंबईत व्यापार करणारा अमेरिकन. १८८३ साली त्याने सोराबजी शापूरजी बंगाली यांच्याबरोबर एक निधी उभारला. भारतीय स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर आणणे आणि येथल्या स्त्रियांना वैद्यकी शिकवणे, हा त्याचा हेतू. या निधीमुळे डॉ. एडिथ पीची मुंबईला आल्या आणि १८८६ साली कामा रुग्णालय उघडले. याच पीचींच्या पाठबळाने रखमाबाई पुढे लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. ट्रामच्या इतिहासात रखमाबाईंचे नाव शोधायला कोणी जाणार नाही; पण ट्रामचा मालक आणि स्त्रियांच्या वैद्यकीय शिक्षणाचा एक मूळ पुरस्कर्ता, हे दोन गृहस्थ एकच होते.

विजेची ट्राम जगात प्रथम धावली ती बर्लिनजवळच्या लिष्टरफेल्डे येथे, मे १८८१ मध्ये. ती बनवली वेर्नर फॉन सीमेन्स यांनी. सुरुवातीला त्यांनी वीज रुळांतूनच दिली; परिणामी रूळ ओलांडणाऱ्या घोड्यांना झटके बसू लागले. मग तार वर गेली. डोक्यावर एक तार, गाडीच्या टपावरून त्या तारेला टेकणारा दांडा, तेथून वीज मोटारीत, आणि मोटारीतून चाकांवाटे रुळात परत. तार आणि रूळ मिळून मंडल पूर्ण होते. जगभरच्या ट्राम याच तत्त्वावर चालल्या, मुंबईचीही.

मद्रासला विजेची ट्राम १८९५ साली आली, कलकत्त्याला १९०२ साली. मुंबईला १९०७. देशातील पहिली आगगाडी धावलेले शहर येथे मागे का पडले? उत्तर त्या २१ वर्षांच्या अटीत आहे.

१८९९ साली बॉम्बे ट्रामवे कंपनीने विजेच्या ट्रामसाठी अर्ज केला. खांब, तारा, नवे रूळ, नव्या गाड्या, वीज केंद्र: खर्च मोठा. इतका पैसा घालायचा आणि उद्या पालिकेने ट्राम ताब्यात घ्यायची, हे कंपनीला परवडणारे नव्हते. म्हणून १९०१ साली येऊ घातलेला ताब्याचा हक्क पालिकेने सोडावा, अशी तिने विनंती केली. पालिकेने उलट ठरवले: हक्क सोडायचा नाही, कंपनीच घ्यायची. त्यातून कायदेशीर अडचणी उभ्या राहिल्या आणि काही वर्षे गेली. घोडे धावतच राहिले.

तोडगा निघाला तो तिसऱ्याच पक्षाकडून. इंग्लंडच्या ब्रिटिश इलेक्ट्रिक ट्रॅक्शन कंपनीने १९०४ साली शहराला वीज पुरवण्याचा परवाना मागितला. ब्रश इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग कंपनी तिची हस्तक होती. ३१ जुलै १९०५ रोजी बॉम्बे ट्रामवे कंपनी, पालिका आणि ब्रश कंपनी यांच्या सह्या होऊन तो परवाना झाला. नवी कंपनी निघाली: बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज, म्हणजेच ‘बेस्ट’. आज बेस्ट म्हटले की लाल बस आठवते, पण मुळात त्या नावातला ‘टी’ ट्रामचा होता.

वीज आणि ट्राम एकाच कंपनीत का, हा प्रश्न कोणालाही पडावा. त्या काळच्या वीज कंपन्यांचे एक दुखणे होते. दिवे रात्री लागतात. दिवसभर वीज केंद्राची यंत्रे निम्मी रिकामी. दिवसा वीज घेणारे हक्काचे गिऱ्हाईक हवे, आणि ट्रामसारखे गिऱ्हाईक दुसरे नाही: सकाळपासून रात्रीपर्यंत, पाऊस असो वा ऊन. शिवाय मुंबईत विजेच्या दिव्यांचा आधीचा प्रयोग फसलेला होता. १८८२ साली क्रॉफर्ड मार्केट आणि काही रस्ते विजेने उजळवण्याचा करार एका कंपनीशी झाला होता. पुढल्याच वर्षी ती कंपनी दिवाळखोर झाली आणि मार्केटात पुन्हा गॅसचे दिवे आले. तेव्हा मुंबईच्या घराघरात वीज स्थिरावली, यात ट्रामचाही वाटा आहे.

७ मे १९०७ च्या सायंकाळी साडेपाच वाजता पालिकेच्या इमारतीसमोरून पहिली विजेची ट्राम निघाली आणि क्रॉफर्ड मार्केटला गेली. अंतर मामुली, पण शहर बदलले. घोड्यांचे दिवस भरत आले.

आरंभी वीज कंपनीच्या स्वतःच्या, कोळशावर चालणाऱ्या केंद्रातून येई. १९१५ मध्ये टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र सुरू झाले, १९१६ पासून बेस्ट टाटांची वीज घेऊ लागली आणि १९२३ पर्यंत स्वतःची निर्मिती तिने बंदच केली. म्हणजे लालबागच्या रस्त्यावर जी ट्राम खडखडत जाई, ती लोणावळ्याच्या डोंगरात साठवलेल्या पावसाच्या पाण्यावर चालत असे. धूर नाही, डिझेल नाही. आज ज्याला ‘स्वच्छ वाहतूक’ म्हणतात, ती मुंबईने शंभर वर्षांपूर्वी करून पाहिली आहे.

या काळात शहर उत्तरेकडे सरकत होते. १८९६ च्या प्लेगनंतर दोन वर्षांनी बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दाट वस्त्यांतून सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट, मोहम्मद अली रोड असे रुंद रस्ते पाडले आणि दादर-माटुंग्याला नव्या वसाहती आखल्या. माणूस दादरला राहील आणि फोर्टात नोकरी करील, ही कल्पना स्वस्त वाहनाशिवाय निरर्थक होती. दादर, परळ, लालबाग, भायखळा, जे. जे. आणि तेथून दक्षिणेला फोर्ट: ट्रामचा हा कणा म्हणजे गिरणगाव आणि बाजारपेठ यांना जोडणारी दोरीच होती. गर्दी इतकी वाढली की सप्टेंबर १९२० मध्ये दुमजली ट्राम आणावी लागली.

ट्राम सामान्यांची झाली ती याच काळात. भाडे उतरत एका आण्यावर आले आणि विसाव्या शतकातील बराच काळ ‘एक आण्यात ट्राम’ हे मुंबईचे समीकरण राहिले. १८७४ साली तीन आणे होते, हे लक्षात घेतले म्हणजे या एका आण्याचे मोल कळते. तेवढ्यात काळाबरोबर मजुरी वाढलेली होती. दोन्ही बाजूंनी अंतर कमी झाले आणि चालणारा माणूस ट्राममध्ये चढला.

ट्राम चालवणारा माणूस पुढच्या उघड्या मंचावर उभा असे. एका हाताखाली पितळी दांडीचा नियंत्रक, दुसऱ्या हाताला ब्रेक, आणि पायाखाली घंटा. दांडी एकेक खाच पुढे सरकवली की मोटारीला मिळणारी वीज वाढे. रस्त्यात आडवा आलेला माणूस, गाय किंवा हातगाडी चुकवणे त्याच्या हातात नव्हते. रूळ जेथे नेतील तेथेच गाडी जाणार. तो फक्त घंटा वाजवू शके आणि थांबू शके. हे वाक्य ध्यानात ठेवावे, कारण ट्रामच्या मृत्यूचे कारण त्यातच आहे. मागे कंडक्टर, गळ्यात पैशांची पिशवी, हातात तिकिटांचा गठ्ठा. रूळ रस्त्याच्या मधोमध असल्याने प्रवासी रस्त्याच्या मध्यावर चढत-उतरत. मोटारी थोड्या होत्या तोवर यात कोणाला काही वावगे वाटले नाही.

महाराष्ट्रात ट्राम फक्त मुंबईत होती असे नाही. नाशिकलाही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शहर ते नाशिक रोड स्थानक अशी घोड्यांची ट्राम निघाली आणि १९३० च्या दशकाच्या आरंभी ती बंद पडली. तिचे कूळ वेगळे. तिच्यावर स्वतंत्र धागा व्हायला हवा.

मराठवाड्याच्या वाचकासाठी एक प्रवास कल्पावा. साल १९३५ समजा. हिंगोली तेव्हा हैदराबाद संस्थानात. १९१२ साली पूर्णा-हिंगोली हा मीटरगेज फाटा झालेला. मुंबईला निघालेला हिंगोलीचा माणूस आधी पूर्ण्याला जाई, तेथून निजामाच्या रेल्वेच्या मीटरगेज गाडीने परभणी, जालना, औरंगाबाद करत मनमाडला, आणि मनमाडला बोचके उचलून ब्रॉडगेजच्या गाडीत. दादरला उतरला की ट्राम. या एकाच प्रवासात तो तीन वेगवेगळ्या रुंदीच्या रुळांवर बसे: मीटरगेज १००० मिलिमीटर, ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर आणि मुंबईची ट्राम १४३५ मिलिमीटर. तिन्हींचे मालक वेगळे, तिन्हींची तिकिटे वेगळी, आणि वाटेत राज्यही बदले. गेज बदलण्याचा हा त्रास हिंगोलीकरांना परका नाही. पूर्णा-अकोला मार्ग ब्रॉडगेज झाला तो २००८ साली. तोवर हिंगोलीला मीटरगेजच होते.

आता १५ जुलै १९२६ कडे जावे. त्या दिवशी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी मुंबईची पहिली मोटारबस सुटली. चालवणारी कंपनी तीच, बेस्ट. सुरुवातीला बस हे वरच्या वर्गाचे वाहन मानले गेले आणि खालच्या वर्गाने ट्राम सोडली नाही. एका कंपनीची दोन वाहने, दोन वर्गांची. ट्रामला प्रतिस्पर्धी बाहेरून आला नाही, तो घरातच जन्मला. त्याच्या वर्षभर आधी, ३ फेब्रुवारी १९२५ रोजी, व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी विजेची लोकलही सुरू झाली होती. लांबचा प्रवासी लोकलकडे, सुखवस्तू प्रवासी बसकडे. ट्रामकडे राहिला तो जवळचा आणि गरीब प्रवासी. वाहन गरिबांचे झाले की त्याच्या बाजूने बोलणारे कमी होतात. पुढे झाले ते यापेक्षा वेगळे नव्हते.

१९०५ च्या सवलतनाम्यातही पालिकेने खरेदीचा हक्क राखला होता. बरोबर ४२ वर्षांनी, ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या आठ दिवस आधी, बेस्ट पालिकेच्या मालकीची झाली. ज्या हक्कासाठी पालिका १८९९ पासून अडून बसली होती, तो अखेर हाती आला. नावातला ‘टी’ बदलला: ‘ट्रामवेज’ जाऊन ‘ट्रान्सपोर्ट’ आले. कारकुनी बदल वाटावा, पण त्यात पुढचा सगळा बेत दिसतो. सहा वर्षांत, १९५३ पासून, तोट्यातले ट्राम मार्ग एकेक करून बंद होऊ लागले. खाजगी हातात ७३ वर्षे जगलेले वाहन सार्वजनिक मालकीत १७ वर्षेही टिकले नाही.

यावर ‘पाहा, सरकारी मालकीने वाटोळे केले’ असे म्हणणे सोपे आहे. ते अन्यायाचे होईल. ताबा जाणार हे वर्षानुवर्षे माहीत असलेल्या कंपनीला शेवटच्या काळात रूळ आणि गाड्या नव्या करण्यात काय स्वारस्य असणार? त्यात दुसरे महायुद्ध होऊन गेले. पालिकेच्या हाती काही नवीकोरी मालमत्ता आली नाही. शिवाय शहर वाढत होते: १९५० आणि १९५७ साली मुंबईची हद्द उपनगरांपर्यंत नेली गेली, आणि ट्राम तर दादर-माटुंग्याच्या आसपासच थांबलेली. अंधेरी, मुलुंडपर्यंत रूळ टाकण्यापेक्षा बस पाठवणे स्वस्त, आणि उद्या मार्ग बदलायचा तर फक्त पाटी बदलायची. बसच्या बाजूचा हा युक्तिवाद खोटा नव्हता.

खोटा होता तो दुसरा युक्तिवाद: ट्राम वाहतुकीला अडथळा करते. कोणाच्या वाहतुकीला? रूळ १८७४ पासून तेथेच होते. मोटारी नंतर आल्या, रुळांवर चढल्या, रुळांवर उभ्या राहिल्या, आणि त्यांना चुकवता न येणारी ट्राम त्यांच्यामागे घंटा वाजवत अडकू लागली. ट्राम अडली की तिच्यामागे दुसरी, तिसरी. गाड्या उशिरा, म्हणून प्रवासी कमी, म्हणून उत्पन्न कमी, म्हणून मार्ग तोट्यात, म्हणून मार्ग बंद. या साखळीत ट्राम अपराधी म्हणून उभी केली गेली. वास्तविक ती फिर्यादी होती. दुमजली डब्यात दाटीने बसलेली माणसे आणि मोटारीतला एक माणूस यांनी रस्त्याची किती जागा घेतली, हा हिशेब त्या वेळी कोणी गांभीर्याने केल्याचे दिसत नाही.

असे वागणारी मुंबई एकटी नव्हती. मद्रासने ट्राम १९५३ साली बंद केली, दिल्लीने १९६३ साली. लंडनची जुनी ट्राम १९५२ साली संपली. पश्चिम बर्लिननेही १९६७ साली आपली शेवटची ट्राम थांबवली, आणि हाम्बुर्गने १९७८ साली. मोटार म्हणजे भविष्यकाळ, हे त्या पिढीचे जागतिक मत होते.

तरीही जर्मनीकडे पाहिले तर दुसरा रस्ता होता हे कळते. कलोन, स्टुटगार्ट, फ्रांकफुर्ट या शहरांनी दाट भागात ट्राम जमिनीखाली नेली आणि बाहेर तिला मोटारींपासून वेगळी पट्टी दिली. लाइपझिग, ड्रेस्डेन, म्युनिक येथे ती रस्त्यावरच टिकली. पूर्व बर्लिनने आपली ट्राम मोडली नव्हती. शहर एक झाल्यावर, १९९५ पासून, तेच रूळ पुन्हा पश्चिमेकडे वाढवले गेले. या शहरांकडे पैसा जास्त होता हे खरे. पण वेगळी पट्टी देणे हा मुख्यतः पैशाचा प्रश्न नाही. मोटारवाल्याला ‘येथे येऊ नको’ असे सांगण्याचा प्रश्न आहे. मुंबईत मोहम्मद अली रोडवर किंवा परळला ते सांगणारे कोणी नव्हते.

एक विसंगती येथे नोंदवण्याजोगी आहे. ट्रामचे मार्ग बंद होत असतानाच, ११ जून १९६२ रोजी, बेस्टने गवालिया टँक ते माझगाव डॉक अशी ट्रॉलीबस सुरू केली. डोक्यावर विजेची तार, पण खाली रूळ नाहीत, रबरी टायर. म्हणजे विजेवर आक्षेप नव्हता, तारेवरही नव्हता. आक्षेप रुळावर होता, रस्त्यावर हक्क सांगणाऱ्या त्या दोन लोखंडी रेघांवर. ट्रॉलीबस मोटारींच्या गर्दीतून वाट काढील अशी आशा होती. मार्च १९७१ मध्ये तीही बंद झाली.

३१ मार्च १९६४. रात्री बोरीबंदरहून दादरकडे शेवटची ट्राम निघाली. निरोप द्यायला लोकांनी गर्दी केली होती. त्यांत वर्षानुवर्षे तिच्या खडखडाटाला कंटाळलेलेही असणार. गाडी दादर टी. टी.ला पोहोचली, दांडा तारेवरून उतरवला गेला, आणि दुसऱ्या दिवशीपासून त्याच मार्गावर बस धावू लागल्या.

तारा काढल्या गेल्या, खांब गेले. रूळ मात्र बऱ्याच ठिकाणी उपटण्याऐवजी डांबराखाली तसेच राहिले. गेल्या दशकात हुतात्मा चौकात फ्लोरा फाउंटनच्या जीर्णोद्धाराचे काम चालू असताना खोदकामात त्यांतले काही वर आले. काळबादेवीला, जेथून १८७४ साली बोरीबंदर-पायधुणीची घोड्यांची ट्राम जात असे, तेथे २०२५ च्या ऑक्टोबरपासून भुयारी मेट्रो थांबते. तिलाही डोक्यावरून वीज मिळते, तिच्या रुळांची रुंदीही ट्रामचीच, १४३५ मिलिमीटर. वर रस्त्यावर मोटारी आहेत.